अमेरिकन कप, औंस, गॅलन ते मिलिलिटर: गुणाकाराआधी काय तपासायचं

अमेरिकन रेसिपी मिलिलिटरमध्ये आणताना गुणाकार सहसा चुकत नाही, तो फोन करून देतो. चूक त्याच्या आधीच झालेली असते. कप कुठला धरला, औंस कसला होता, मैदा कपात भरला कसा, इथे गणित बिघडतं. मग केक दडस होतो, कुंडीतल्या झाडाची पानं करपतात आणि बोल बिचाऱ्या ओव्हनला किंवा औषधाला लागतो. आकड्यांचा तक्ता चौथ्या पायरीत आहे. थेट तिथे उडी मारणाऱ्यांसाठीच आधीच्या तीन पायऱ्या लिहिल्या आहेत.

## सुरुवातीआधी: रूपांतर लागतंय का?

कृतीतलं सगळं एकाच मापाने दिलं असेल आणि त्यात फक्त प्रमाण महत्त्वाचं असेल, तर काहीही बदलू नका. एक कप तांदूळ, दोन कप पाणी. मोदकाच्या उकडीसाठी एक कप पिठी, एक कप पाणी. इथे कपाऐवजी वाटी घ्या, फुलपात्र घ्या, भात तसाच होणार. उगाच मिली काढायला गेलात तर एक बाजू राउंड होते, दुसरी होत नाही, आणि चांगलं प्रमाण बिघडतं.

रूपांतर लागतं ते कृतीत मापांची सरमिसळ असते तेव्हा: दोन कप मैदा, एक स्टिक (११३ ग्रॅमची कांडी) बटर, दोन अंडी, एक डबा कंडेन्स्ड मिल्क. अंडं आणि डबा तुमच्या कपाप्रमाणे लहानमोठे होत नाहीत. तिथे कपाचा खरा आकार कळलाच पाहिजे.

## पायरी १: घरातली मापं तपासून घ्या

लागणारं सामान: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, मेजरिंग कप आणि चमच्यांचा संच, मिलीच्या खुणा असलेला पारदर्शक जग. काटा नसेल तर आधी काटा घ्या. दुसरा कपांचा संच घेण्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

आता प्रत्येक कप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि कप काठोकाठ पाण्याने भरा. घरातल्या तापमानाला १ मिली पाण्याचं वजन जवळजवळ १ ग्रॅम असतं, म्हणून काट्यावरचा आकडा हाच कपाचा मिलीतला आकार.

- २३६–२३७ आलं: अमेरिकन स्वयंपाकातला कप.
- २४० आलं: अमेरिकेत पोषणतक्त्यासाठी धरतात तो कप. पहिल्याच्या जागी बिनधास्त चालतो.
- २५० आलं: मेट्रिक कप. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारे बरेच संच याच मापाचे असतात.
- २०० आलं: जपानी कप.
- १८० आलं: राइस कुकरसोबत आलेला कप. त्या कुकरच्या भांड्यावरच्या रेघा याच कपाच्या हिशेबाने आखलेल्या असतात, म्हणून तो तिथेच वापरा.

कपाच्या तळाशी मार्करने आकडा लिहून टाका. चमच्यांचंही असंच करा, पण छोट्या चमच्यासाठी दहा चमचे पाणी मोजून दहाने भागा. एका चमच्याच्या वजनावर साधा काटा विश्वासाचा नसतो.

सावधान: चहाचा कप, पोहे खायचा चमचा आणि वाटी या संचात मोडत नाहीत. मराठी रेसिपींत ‘१ कप’ लिहिलेलं असतं तेव्हा बऱ्याचदा लिहिणाऱ्याच्या मनात घरातली वाटी असते. ती रेसिपी अमेरिकन कपाने केली तर बेत फसू शकतो. अशा वेळी वर सांगितलं तसं निव्वळ प्रमाण पाहून पुढे जा.

## पायरी २: कृती कुठल्या देशाची, ते ओळखा

इंग्रजीत आहे म्हणजे अमेरिकन, असं धरू नका. पाइंट आणि गॅलन ब्रिटिशांचेही आहेत आणि ते मोठे आहेत.

- ब्रिटिश पाइंट ५६८ मिली, अमेरिकन पाइंट ४७३ मिली.
- ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटर, अमेरिकन ३.७८५ लिटर.
- फ्लुइड औंस मात्र उलटा: ब्रिटिश २८.४ मिली, अमेरिकन २९.६ मिली. ब्रिटिश पाइंटात असे २० औंस बसतात, अमेरिकन पाइंटात १६.
- ऑस्ट्रेलियन टेबलस्पून २० मिलीचा, बाकीच्यांचा १५ च्या आसपास. बेकिंग पावडर टेबलस्पूनने दिली असेल तर हा फरक जिभेला कळतो.

ओळखायचं कसं? सामानाची नावं वाचा. ऑल-पर्पज फ्लॉर, हेवी क्रीम, कन्फेक्शनर्स शुगर, स्टिक बटर, फॅरनहाइट असे शब्द दिसले की कृती अमेरिकन. प्लेन फ्लॉर, कास्टर शुगर, डबल क्रीम दिसलं की ब्रिटनकडची. ऑस्ट्रेलियन कृतीत नावं ब्रिटनसारखी असतात, पण मापं कपात.

ऑनलाइन कन्व्हर्टर वापरताना हाच प्रश्न यादीच्या रूपाने समोर येतो: यूएस कप, यूएस लीगल कप (वरचा २४० चा), इम्पीरियल कप (जुना ब्रिटिश), मेट्रिक कप. इम्पीरियल निवडलात तर उत्तर २८४ मिली येतं, म्हणजे हव्या त्या आकड्यापेक्षा पाचव्या हिश्शाने जास्त. मेनूतली पहिली ओळ डोळे झाकून निवडू नका.

## पायरी ३: औंस दिसला की थांबा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

नुसता औंस हे वजन आहे, २८.३५ ग्रॅम. फ्लुइड औंस हे आकारमान आहे, २९.६ मिली. पाण्याच्या बाबतीत दोन्ही इतके जवळ येतात की फरक लक्षातच येत नाही. मग आपण तीच सवय मधाला, कंडेन्स्ड मिल्कला आणि चॉकलेटला लावतो.

अमेरिकन कंडेन्स्ड मिल्कचा डबा १४ औंसांचा असतो. हे वजन आहे, ३९७ ग्रॅम. हे दूध पाण्यापेक्षा बरंच जड असल्यामुळे डब्यातून ते निघतं सुमारे ३०० मिली. कुणी १४ ला फ्लुइड औंस समजून ४१४ मिली मोजलं, तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त गोड, चिकट ऐवज ज्यादा पडला. त्याच फळीवर शेजारी ठेवलेला इव्हॅपोरेटेड मिल्कचा (आटवलेल्या, बिनसाखरेच्या दुधाचा) डबा १२ फ्लुइड औंसांचा असतो. ते आकारमान आहे, ३५५ मिली. दोन्ही डबे सारखेच दिसतात, दोन्हींत दूध, आणि मापं दोन जातींची.

नियम असा:

1. औंसाच्या आधी ‘फ्लुइड’ असेल किंवा पॅकवर शेजारी मिली छापलं असेल, तर मिलीत रूपांतर.
2. शेजारी ग्रॅम छापलं असेल, तर ग्रॅममध्ये.
3. कृतीत नुसतं ‘औंस’ असेल तर पदार्थ पाहा. चीज, चॉकलेट, पास्ता, मांस, डबाबंद पदार्थ हे वजन. दूध, क्रीम, पाणी, रस्सा, मद्य हे बहुतेक वेळा फ्लुइड.

अमेरिकेतल्या भारतीय दुकानात आंब्याच्या रसाचा जो मोठा डबा मिळतो, त्यावर ३० औंस आणि ८५० ग्रॅम असं लिहिलेलं असतं. रस पातळ असला तरी हे वजनच.

तपासणी: औंसाला २८ ने गुणायचं की ३० ने, हे ठरण्याआधी उत्तर ग्रॅममध्ये हवं की मिलीत हे कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर तुम्ही अजून तिसऱ्या पायरीवरच आहात.

पाइंटाची एक बारीकशी खोच आहे. ब्लूबेरी किंवा चेरी टोमॅटो ‘एक पाइंट’ म्हटले की तो कोरडा पाइंट असतो, सुमारे ५५१ मिलीचा. त्याचं मिलीत काही करू नका. चेरी टोमॅटो असतील तर साधारण ३०० ग्रॅम घ्या. आइस्क्रीमचा आणि क्रीमचा पाइंट मात्र नेहमीचा, ४७३ मिलीचा.

## पायरी ४: आकडे

अमेरिकन द्रव मापं, स्वयंपाकाला पुरेशा अचूकतेने:

- १ टीस्पून = ४.९३ मिली
- १ टेबलस्पून = ३ टीस्पून = १४.८ मिली
- १ फ्लुइड औंस = २ टेबलस्पून = २९.६ मिली
- १ कप = १६ टेबलस्पून = ८ फ्लुइड औंस = २३६.६ मिली
- १ पाइंट = २ कप = ४७३ मिली
- १ क्वार्ट = २ पाइंट = ९४६ मिली
- १ गॅलन = ४ क्वार्ट = ३,७८५ मिली

कपाचे तुकडे: पाऊण कप १७७, दोन तृतीयांश १५८, अर्धा ११८, एक तृतीयांश ७९, पाव ५९ मिली. अष्टमांश कप म्हणजे सरळ दोन टेबलस्पून.

पाठ करायचं असेल तर २३६.६ एवढाच एक आकडा करा आणि ३, १६, २, २, ४ ही साखळी. बाकी सगळं त्यातून निघतं.

तुमचा कप २५० मिलीचा असेल आणि कृती अमेरिकन असेल, तर कप भरून त्यातून एक सपाट टेबलस्पून काढून घ्या. २३५ च्या आसपास येतं, काम होतं.

## पायरी ५: पातळ मिलीत, कोरडं ग्रॅममध्ये

माझं स्पष्ट मत आहे की मैद्याचं रूपांतर मिलीत करूच नये. २३६.६ मिली मैदा हा आकडा बरोबर असूनही निरुपयोगी आहे, कारण मैदा दाबला जातो. पिशवीत कप खुपसून भरला तर त्याच कपात १४०–१५० ग्रॅम मावतो. चमच्याने हलका सोडून वरून सुरीने सपाट केला तर १२० ते १२५. अमेरिकन मैद्याच्या पिशवीवरच्या पोषणतक्त्यात पाव कप म्हणजे ३० ग्रॅम दिलेलं असतं, म्हणजे कपाला १२०. मी १२५ धरते. दोन्हींतलं एक धरा, पण एका कृतीत एकच.

एका अमेरिकन कपाचं वजन, ग्रॅममध्ये:

- मैदा १२०–१२५
- साखर २००
- ब्राउन शुगर, चेपून भरलेली, २१५ च्या आसपास
- पिठीसाखर ११५–१२०
- कोको पावडर ८५
- बटर २२७
- तेल २१८
- मध ३४०

साखरेला ग्रॅम लावण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्याकडची साखर दाण्याला मोठी असते आणि दाणा बदलला की कपातलं वजन बदलतं. काट्याला दाण्याशी देणंघेणं नाही.

एक स्टिक बटर म्हणजे अर्धा कप, ११३ ग्रॅम. आपलं १०० ग्रॅमचं पाकीट म्हणजे स्टिक नव्हे. त्यावर आणखी जवळजवळ एक टेबलस्पून बटर लागतं. शिवाय आपल्याकडचं नेहमीचं पिवळं बटर खारं असतं, ते वापरणार असाल तर कृतीतलं मीठ वगळा.

दूध, पाणी, ताक, तेल मिलीत मोजायला हरकत नाही. जग सपाट ओट्यावर ठेवा, स्वतः वाका, डोळे खुणेच्या पातळीला आणा आणि द्रवाचा मधला खोलगट भाग खुणेवर आहे का ते बघा. जग हातात उचलून डोळ्यांसमोर धरला की तो तिरका होतोच.

सावधान: काट्यावरचं ‘मिली’ बटण पाण्याच्या हिशेबाने चालतं. एक कप तेल ठेवलंत तर ते २१८ मिली दाखवेल, मध ठेवलात तर ३४०. पाण्याखेरीज कशासाठीही ते बटण दाबू नका.

सोडा, बेकिंग पावडर, मीठ, व्हॅनिला यांना यातून सूट. ते टीस्पूनने सपाट मोजा. एक-दोन ग्रॅम चुकणाऱ्या काट्यावर पाच ग्रॅम सोडा तोलण्यात शहाणपणा नाही.

## पायरी ६: आधी पूर्ण हिशेब, राउंडिंग सगळ्यात शेवटी

कपाला २५० धरून गॅलन काढला की ४,००० मिली येतो, २१५ मिली जास्त. २४० धरला तरी ५५ मिली जास्त. एका कपात न जाणवणारी चूक सोळा पटीने बाहेर येते. म्हणून मोठं माप काढायचं तर मोठ्याच मापाचा आकडा वापरा, लहान मापाची शिडी चढत जाऊ नका.

कृती निम्मी किंवा दुप्पट करायची असेल तर तेही राउंडिंगआधी. एक तृतीयांश कपाच्या निम्मं म्हणजे दोन टेबलस्पून आणि दोन टीस्पून. हे अंदाजाने ‘थोडंसं कमी’ करू नका.

आता एक बनाना ब्रेड घेऊ. कागदावर आहे: २ कप मैदा, पाऊण कप साखर, १ स्टिक बटर, पाव कप ताक, १ टीस्पून सोडा, २ लार्ज अंडी, ३ केळी, ९ बाय ५ इंची टिन.

- मैदा: २ × १२५ = २५० ग्रॅम
- साखर: ०.७५ × २०० = १५० ग्रॅम
- बटर: ११३ ग्रॅम, ११५ चालेल
- ताक: ५९ मिली, म्हणजे ६०. आणि ते दाट हवं. जेवताना पितो ते पातळ ताक नको.
- सोडा: १ टीस्पून, सपाट, तसाच
- अंडी: अमेरिकन लार्ज अंडं कवच सोडून ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. तुमची अंडी लहान असतील तर फेटून १०० ग्रॅम मोजून घ्या.
- टिन: २३ बाय १३ सेंटिमीटर

हीच कृती २५० च्या कपाने, पिशवीत कप खुपसून केली तर मैदा ३०० ग्रॅमच्या पुढे जातो, आणि बटर, अंडी आहेत तेवढीच राहतात. दडस ब्रेडचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

तपासणी: प्रत्येक ओळ उलटी करून बघा. १५० ग्रॅम साखर भागिले २००, पाऊण कप आला? पुढे जा. नाही आला तर गुणण्याऐवजी भागलं असणार.

## पायरी ७: टिनचं आकारमानही काढा

साहित्य बरोबर बदलून टिन मात्र हाताला येईल तो घेतला जातो. ९ इंची गोल, २ इंच खोल टिनात सुमारे २,०८५ मिली मावतं, ८ इंचीत १,६५०, ७ इंचीत १,२६०. दोनच इंच कमी, पण जागा ६० टक्केच उरली. छोट्या ओटीजीत बसतो म्हणून ७ इंची टिन घेणार असाल तर सगळं साहित्य ०.६ ने गुणा. ८ इंची चौकोनी टिन मात्र ९ इंची गोल टिनाच्या जागी जवळजवळ तंतोतंत चालतो.

वेड्यावाकड्या आकाराच्या टिनात पाणी भरून ते जगात ओता, झालं. घोळ कुठल्याही टिनात दोन तृतीयांशाच्या वर भरू नका.

## पायरी ८: उलटा प्रवास, लिटरकडून कपाकडे

अमेरिकेत राहून आईने सांगितलेली बासुंदी करायची आहे आणि दूध मिळतं गॅलनच्या कॅनमध्ये. १ लिटर म्हणजे ४.२३ कप, म्हणजे ४ कप आणि वर पावणेचार टेबलस्पून. एक क्वार्ट म्हणजे लिटर धरला तर ५४ मिली कमी पडतं. बासुंदीला त्याने काही होत नाही, दूध आटवायचंच आहे. अर्ध्या गॅलनला १.९ लिटर धरा आणि साखर त्या अंदाजाने घाला. चायना ग्रास घालून दूध जमवायचं असेल तेव्हा मात्र मोजून घ्या, तिथे पाच टक्के कमी-जास्त झालं की घट्टपणा बदलतो.

कुकर घेतानाही हाच हिशेब: ६ क्वार्टचं इलेक्ट्रिक भांडं म्हणजे ५.७ लिटर, ३ क्वार्टचं २.८. हा आकडा काठोकाठचा आहे. डाळ-तांदळासाठी भांडं अर्ध्याच्या वर भरत नाहीत, त्यामुळे तुमच्या जुन्या पाच लिटरी कुकरशी तुलना करताना दोन्हीकडे अर्धं धरा.

## पायरी ९: ‘प्रति गॅलन’ असेल तेव्हा

गच्चीवर बाग करणारे अमेरिकन सूचना वाचून नीम तेल किंवा द्रवखत घालतात: दोन टेबलस्पून प्रति गॅलन. इथे दोन्ही बाजू बदलायच्या असतात. लोक दोन टेबलस्पूनचे ३० मिली करतात आणि ते एक लिटर पाण्यात ओततात, म्हणजे चौपट जहाल द्रावण. पानांच्या कडा मग दोन दिवसांत जळतात.

थेट वापरायचे आकडे:

- १ टीस्पून प्रति गॅलन = १.३ मिली प्रति लिटर
- १ टेबलस्पून प्रति गॅलन = ३.९ मिली प्रति लिटर
- १ फ्लुइड औंस प्रति गॅलन = ७.८ मिली प्रति लिटर

अशी छोटी मापं चमच्याने न मोजता सुई काढलेल्या सिरिंजने मोजा, आणि ती सिरिंज बागेच्याच डब्यात ठेवा. बाटलीवर भारतातलं लेबल असेल तर आधी तेच पाळा. परदेशी उत्पादनाची तीव्रता वेगळी असू शकते. गाडीच्या मायलेजलाही दोन्ही बाजू बदलाव्या लागतात: अमेरिकन मैल प्रति गॅलनला ०.४२५ ने गुणलं की किलोमीटर प्रति लिटर मिळतं. ३० चे पावणेतेरा होतात.

## औषधाला यातलं काहीही लावू नका

आजी-आजोबा भारतातून येताना नातवंडांसाठी पॅरासिटामॉलचं सिरप आणतात आणि ‘एक चमचा’ अमेरिकन बाटलीच्या हिशेबाने देतात. चमचा ५ मिलीचाच असला तरी डोस चुकतो. अमेरिकेतल्या मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलीत १६० मिलिग्रॅम औषध असतं. आपल्याकडे १२०, १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशी वेगवेगळी सिरप मिळतात. मिली तेच राहिले तरी पोटात जाणारं औषध दीडपटीने वाढू शकतं. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पिडिअ‍ॅट्रिक्सने २०१५ मध्ये मुलांच्या पातळ औषधांचे डोस फक्त मिलीतच लिहावेत अशी शिफारस केली, ती चमच्यांच्या याच घोळामुळे. बाटलीवरचे मिलिग्रॅम वाचा, मुलाचं वजन डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टना सांगा, आणि बाटलीसोबत आलेल्या सिरिंजने किंवा मापाच्या झाकणानेच द्या.